पोखर्णीकरची शेवटची मॅच

मेलेल्या माणसाची मॅच काल मी त्याच्या आईला वाचून दाखवली.

माणूस म्हणजे आमचा दिगू. बोरीत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, शेतातल्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. मागच्या आठवड्यात गेला. बऱ्याच मित्रांना अजून माहीत नाही, म्हणून लिहितोय.

आम्हा दोघांना एका बॉक्सिंगच्या गेमचं वेड होतं. मोबाईलवरचा गेम, पण त्यात बटणं दाबून ठोसे मारायचे नसतात.

आपला बॉक्सर तयार करायचा. मॅचच्या आधी प्रत्येक राउंडचा प्लॅन भरून ठेवायचा. मारायचं किती, बचाव किती, दम किती राखायचा. ठरलेल्या दिवशी मॅच आपोआप होते आणि काय झालं ते लिहून येतं.

मधे काहीही बदलता येत नाही.

माझा बॉक्सर नुसता ताकदीचा. सुरुवातीलाच पाडणार, नाहीतर पडणार.

मी शाळेत शिकवतो म्हणून दिगू मला मास्तर म्हणायचा. "मास्तर, डोकं सोडून समदं दिलंस की रे ह्याला."

त्याचा बॉक्सर बॅलन्स्ड. ताकद, वेग, दम, सगळं सारखं. नाव ठेवलं होतं पोखर्णीकर, कारण पोखर्णी हे काकूंचं, म्हणजे त्याच्या आईचं, माहेर.

असला बॉक्सर चालवणं अवघड. त्याच्याकडे स्वतःचं असं एकही हत्यार नसतं. म्हणून दिगू आधी समोरच्याच्या जुन्या मॅचेस वाचून काढायचा. समोर ताकदवाला असला तर लांब राहून त्याला दमवायचा. वेगवाला असला तर पोटावर मारून त्याचे पाय जड करायचा.

आणि काहीही झालं तरी शेवटच्या राउंडांसाठी दम राखून ठेवायचा. समोरचा धापा टाकायला लागला की मग पोखर्णीकर सुटायचा.

माझा बॉक्सर त्यानं असाच कितीदा तरी लोळवला. वर फोन करून विचारायचा, "मास्तर, जेवलास का?"

दिवसभर वाकून काम. कंबर धरायची. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून वर्षानुवर्षं खाल्ल्या.

दोन्ही किडन्या गेल्या.

लग्नाचं बघत होते, ते तिथंच राहिलं.

परभणीला डायलिसिस सुरू झालं. काकू दर वेळी सोबत. मशीनला लावलं की हा पडल्या पडल्या त्यांना मॅच वाचून दाखवायचा. माहेरचं नाव लावून कुणीतरी मार खातंय म्हणून काकूंचा जीव वरखाली व्हायचा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मशीनवर फार काळ काढू नका, हृदयावर ताण येतो. अंगात जोर आहे तोवर किडनी बदलून घ्या. काकूंचा रक्तगट जुळत होता. काकू एका पायावर तयार होत्या.

हा नाही म्हणाला.

"आईला आत्ताच कशाला कापायचं? मशीनवर निघायलंय तवर निघू दे. आई शेवटच्या राउंडला."

मी भांडलो. काकूंनी जेवण सोडून बघितलं. हा हसून विषय बदलायचा.

मला अजून राग येतो. गेममध्ये समोरच्याची कुंडली काढणाऱ्या माणसानं इथं समोर कोण उभं आहे ते बघितलंच नाही. या मॅचला राउंड किती आहेत, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

गेल्या महिन्यात छातीत पाणी झालं. तेव्हा मात्र घाबरला. दवाखान्यातून घरी आला त्याच दिवशी काकूंना म्हणाला, चल आई, संभाजीनगरला जाऊन तुझ्या तपासण्या करू. तारीख मिळाली. काकूंनी बॅग भरून ठेवली.

त्या तारखेच्या आधीच, डायलिसिसला जाताना, एसटीत तो गेला.

काकूंच्या खांद्यावर डोकं होतं. झोप लागली असं समजून त्या परभणीच्या स्टँडपर्यंत खांदा न हलवता बसल्या. कंडक्टरला म्हणाल्या, हळू बोला, लेकरू झोपलंय.

काल बोरीला गेलो. माणसं बसून उठून गेली. मग काकूंनीच विषय काढला. त्याची मॅच आज होती ना, वाच म्हणाल्या.

मी फोन उघडला. मॅच झालेली होती. त्यानं भरून ठेवलेल्या प्लॅनवर पोखर्णीकर एकटाच लढून आला होता.

पहिला राउंड वाचला आणि थांबलो. घंटा वाजल्याबरोबर पोखर्णीकर समोरच्याच्या अंगावर गेलेला. बचाव नाही, दम राखणं नाही.

मला वाटलं, आजारपणात प्लॅन भरताना चुकला असेल.

दुसरा राउंड तसाच. तिसऱ्यात त्यानं समोरच्याला खाली पाडलं. तो कसाबसा उठला. चौथ्यात आपल्याचा दम संपला. हात वर येईनात. पाचव्यात पडला तो उठलाच नाही.

काकूंनी विचारलं, "असं कसं ल्हिवलं त्यानं? तो तर आदी दमवायचा ना?"

प्लॅन कधी भरला ते खाली दिसतं. दवाखान्यातून आला, आईला हो म्हणाला, तोच दिवस. मी काकूंना तसं सांगितलं.

चूक नव्हती. त्याला कळलं होतं. फक्त उशिरा कळलं.

काकू कुशीवर हात ठेवून म्हणाल्या,

"मला शेवटाला ठिवलं त्यानं. शेवट आला तवा मी शेजारीच बसले व्हते रे."

दिगू, तुझ्यावर रागच आहे माझा. तो राहू दे.

काकूंकडे जात राहीन. तू नीट जा गड्या.