न झिजलेला रोल

बिडाचं लोखंड झिजू नये म्हणून मी दोन वर्षं धडपडलो. त्यात मला यश आलं, हीच माझी तक्रार आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वरठीच्या अलीकडे एका छोट्या ओतशाळेत मी सुपरवायझर होतो. धानगिरण्यांत तूस काढणाऱ्या हलरमधले बिडाचे रोल ओतणं हे आमचं मुख्य काम. धानाचं तूस दिसायला हलकं, पण लोखंड खातं. एका हंगामात रोलच्या धारा सपाट होत आणि गिरणीवाले नवा रोल न्यायला येत. आमच्या चुली त्या झिजेवर पेटत होत्या. मी नुकताच डिप्लोमा घेऊन आलो होतो, त्यामुळे हे माझ्या लक्षात आलं नाही.

साच्याच्या आतून फेरोक्रोमच्या भुकटीचा लेप लावायचा आणि मग वितळलेलं बीड ओतायचं. क्रोमियम बिडाच्या कातडीत मुरतं. आतला रोल साधाच राहतो, वरचा थर तेवढा काचेसारखा कठीण होतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. शेठनी भुकटी मागवून दिली. लेप जितका जाड तितका रोल टिकाऊ, असं मीच ठरवलं आणि बोटभर थापला. साचा फोडला तेव्हा लेप वाहून तळाशी गोळा झाला होता आणि उरलेल्या रोलची चाळणी झाली होती. असे पाच रोल मी भंगारात घातले. दर वेळी भुकटीला दोष दिला.

आमच्याकडे साचे बनवणारे तीन मोल्डर होते. सगळ्यांत जुन्यांना सगळे मामाजी म्हणत. पाचव्या रोलच्या दिवशी बाकीचे दोघे धानाच्या रोवणीसाठी सुट्टीवर होते. मामाजी जवळ आले.

"साहेब, घरी भितीले पोतेरा देताना पाह्यलं नाही का जी?"

भिंत सारवण्याचा इथे काय संबंध, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"एकदम थापला तं पोपडे धरते. पातळ हात मारा, सुकू द्या, मंग दुसरा. अन् वरून कायले ओतता? खालून चढू द्या, लेप धुवून नाही जात."

त्यांनी स्वतःच तीन पातळ हात दिले, साच्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवून ते वाळवले आणि बीड तळातून चढेल अशी वाट काढली. त्या रोलवर मी कानस घासली, तर ती नुसतीच घसरली.

शेठना दिलेल्या अहवालात दोन शोध होते: पातळ थर आणि तळातून ओतणे. दोन्हींचा कर्ता अधोस्वाक्षरीकर्ता होता, म्हणजे मी. शेठनी सगळ्यांसमोर मला हार घातला. टाळ्या वाजवायला मामाजींनीच सुरुवात केली.

दोन हंगाम गेले. रोल न्यायला कोणी फिरकेना.

शेठ म्हणाले, "तुम्ही असा रोल केला साहेब, की गिऱ्हाईक आपल्याले विसरूनच गेलं."

एक मोल्डर कमी करायचा होता. कोणता, ते मी लिहून द्यायचं होतं. मी मामाजींचं नाव लिहिलं आणि कारण दिलं वय. खरं कारण वेगळं होतं. पोतेऱ्याची गोष्ट त्या तिघांत फक्त मामाजींना माहीत होती.

ते नाकाडोंगरीकडच्या आपल्या गावी गेले आणि घरच्यांसोबत तलावात मासे धरू लागले.

चार-पाच वर्षांनी ते तुमसरच्या बाजारात टोपली घेऊन बसलेले दिसले. माफीची वाक्यं माझ्याकडे तयार होती. इतक्या वर्षांत ती मी पुष्कळदा घोकली होती. मी तोंड उघडायच्या आत तेच हसून बोलले.

"साहेब, आमच्या गावच्या गिरणीत तुमचा रोल आजूनही चालून राहिला."

तो तुमचा रोल आहे मामाजी, एवढंच म्हणायचं होतं. मी टोपलीकडे पाहिलं आणि म्हणालो, मासे ताजे दिसतात.