गोल केलेल्या पेशी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेची बाहेरची भिंत रस्त्याला लागून आहे. चित्रकलेच्या मास्तराला एरवी कोण विचारतो. निरोप समारंभाचा फळा रंगवायचा आणि गप्प बसायचं. पण एका दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला ती अख्खी भिंत देऊन टाकली. विषय होता सजीवांची सुरुवात.

मी जीव ओतून रंगवली. डावीकडे कोमट पाण्याचं डबकं, आमच्या गावच्या बोडीसारखंच, म्हणजे लहान तळ्यासारखंच गढूळ. त्यात पातळ पापुद्र्याचे थेंब, मग पहिली पेशी, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि पार उजव्या टोकाला माणसाच्या रक्तातल्या लाल, गोल पेशी.

धाकटी बहीण रोज रंग कालवायला यायची. तिला सिकलसेल होता, रक्तातल्या पेशी वाकड्या होण्याचा आजार. थंडी पडली की तिची हाडं ठणकायची. धानकापणीत ती बांधावर बसून राहिली की बाया तिला कामचुकार म्हणायच्या, आणि ती मुकाट ऐकून घ्यायची. भिंत संपत आली तेव्हा तिने विचारलं, "दादा, यातल्या माह्या कोणत्या?"

तिने माझ्या हातातला ब्रश घेतला आणि गोल पेशींच्या मधोमध विळ्यासारख्या वाकड्या सात-आठ पेशी काढल्या. माझ्या पेशींपेक्षा त्याच जिवंत दिसत होत्या. मग येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ती स्वतःहून सांगू लागली, "हे माह्या आंगातलं रगत आहे. म्हणून दुखते मले." तिला इतकं मोकळं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याच आठवड्यात पवनीहून पाहुणे तिला बघायला यायचे होते. आमच्यात पत्रिका कोणी बघत नाही, पण सिकलसेलच्या रक्ततपासणीचं कार्ड हमखास विचारतात. आईने ते तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं होतं. मला म्हणाली, "पोरीचं जमून राहिलं, अन् तू तिचं रगत भिंतीवर कायले दाखवून राहिला?"

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी जाऊन एकेक वाकडी पेशी भरून गोल केली. एकही गोल चुकला नाही, याची मला आजही लाज वाटते.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि कार्ड विचारलं. आई काही बोलायच्या आत बहिणीनेच डब्यातून काढून ते त्यांच्या हातात दिलं. पाहुणे चहासाठी थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरच्या त्या पेशींवरून बोट फिरवलं. मी मनात सबबी जुळवत होतो.

"गोल केल्या?"

"हो."

"बरं केलं दादा. आता त्याईले दुखनार नाई."

पुढच्या थंडीत त्याच दुखण्यात ती गेली. तिच्या पेशी पुन्हा काढाव्यात म्हणून मी कितीदा तरी ब्रश घेऊन त्या भिंतीपाशी गेलो आहे. दर वेळी वाटतं, तिला परत दुखेल. मग रंगाचा डबा न उघडताच घरी येतो.