प्लेटांखालचं गवत

आमच्या माळावर सोलर बसलं तेव्हा मी बारावीत होते. पाचोडच्या पलीकडे आमची वस्ती आहे आणि तिच्यामागे खडकाळ माळ. तो ज्यांचा होता त्यांनी कंपनीला भाड्याने दिला. भोवती तारेचं कुंपण पडलं, आत काचेच्या प्लेटांच्या रांगा उभ्या राहिल्या. आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून मेंढरं. ती त्याच माळावर चरायची. पण माळ आमचा कधीच नव्हता, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी?

पुढचं वर्ष दुष्काळाचं गेलं आणि त्याच्या पुढचंही. तोवर मी शहरात इलेक्ट्रिकलच्या शिक्षणासाठी आले होते. पुंडलिकनगरात आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहायचे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुट्टीत गेले की उन्हापासून वीज कशी होते ते मी सांगावं, असं वस्तीतल्या सगळ्यांना वाटायचं. मला ते त्यांच्या भाषेत सांगता यायचं नाही. मी अडखळायचे आणि ते समजल्यासारखं मान हलवायचे.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विजेचं काही पडलं नव्हतं. पाऊस येईपर्यंत मेंढरं टिकावीत, एवढंच त्यांना हवं होतं. वस्तीतल्या बहुतेकांनी कळप विकले होते आणि ते शहराकडच्या कंपन्यांत रोजंदारीला जात होते. दादा म्हणायचे, एकदा गेलेली मेंढरं माघारी येत नाहीत. माणूस पुन्हा घेऊ म्हणतो, पण घेत नाही.

त्या उन्हाळ्यात सगळीकडे माती उघडी पडली होती. हिरवं काही असेल तर ते कुंपणाच्या आत होतं. धुळीने वीज कमी होते म्हणून टँकरच्या पाण्याने प्लेटा धुवायचे. ते पाणी खालच्या काठाने ठिबकायचं आणि प्रत्येक रांगेखाली गवताची एक पट्टी उगवायची. गवत वाढलं की प्लेटांवर सावली पडते, म्हणून ते कापायला माणसं लावावी लागत. दादांनी तिथल्या सुपरवायझरला विचारलं, माणसं कशाला, मेंढरं सोडतो की. सुपरवायझर लासूर स्टेशन गावचा, तरुण होता. त्याने वर विचारून परवानगी आणली. अट एकच होती, शेळी आत आणायची नाही. शेळी उंच दिसेल त्यावर चढते आणि काच फुटते.

अडचण तिथेच आली. आमची मेंढरं शेळीच्या मागून चालतात. कळपात पुढे एक शेळी असते, तिच्या गळ्यात घंटी असते आणि मेंढरं मान खाली घालून त्या आवाजामागे जातात. पहिल्या दिवशी शेळी घरी ठेवली, तर कळप फाटकाशीच थांबला. एकीला ओढून आत नेलं, ती धावत परत आली. मग दादा घरी गेले, शेळीच्या गळ्यातली घंटी सोडली, स्वतःच्या कमरेला बांधली आणि फाटकातून चालत आत गेले. मेंढरं ओळीने मागे गेली.

सुपरवायझर म्हणाला, "मामा, आता तुम्हीच शेळी झालात. फक्त प्लेटांवर चढू नका."

घरी आई म्हणाली, "माझ्या हाकंला कधी आले नाय, आन् मेंढरासाठी कमरंला घंटी बांधली."

दादा हसले. त्या वर्षी त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नाही.

तो उन्हाळा मेंढरांनी काढला. पण नंतरचा पावसाळाही कोरडाच गेला.

थंडीत कॉलेजने आम्हाला औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना दाखवायला नेलं. तिथल्या इंजिनीअरने मन लावून सगळं समजावलं. मोटारी आता कामापुरत्याच वेगाने फिरतात. भट्टीची वाया जाणारी उष्णता पाणी तापवायला वापरतात. हवेच्या नळ्यांतली बारीक गळती शोधून बंद केली. दिवसाची बरीचशी वीज कंपनीच्याच पाचोडकडच्या सोलरमधून येते, हे त्याने अभिमानाने सांगितलं. तो आमचाच माळ होता. मग इंजिनीअर म्हणाला, तिथे आता प्लेटा पाण्याने धुवायच्या नाहीत. कोरडे ब्रश बसवतायत, ते आपोआप फिरून धूळ झाडतील. दुष्काळी भागात काच धुवायला टँकर लावणं आम्हालाच पटत नव्हतं, असंही म्हणाला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तो टँकर वस्तीवरून सोलरकडे जाताना घागरी घेऊन बघत उभ्या राहणाऱ्या बायकांत माझी आईही असायची.

संध्याकाळी मी दादांना फोन केला. ब्रशचं सांगितलं.

"म्हंजी पाणी अजिबात नाय?"

"नाय, दादा."

"मग त्यो टँकर वस्तीला येईन का?"

"ते नाय सांगितलं त्यांनी."

"पाणी वाचतंय तर वाईट कसं म्हणावं, बाळ," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

टँकर वस्तीला आला नाही. तो भाड्याचा होता, शहराच्या नव्या बांधकामांकडे गेला म्हणे. ब्रश आले आणि गवताच्या पट्ट्या आधी पिवळ्या पडल्या, मग मोडून मातीत गेल्या. सुपरवायझरने फाटक बंद केलं नाही. मेंढरं तरीही आत जायची आणि प्लेटांच्या सावलीत नुसती उभी राहायची. अंगावरची लोकर तेवढी उरली होती, खाली हाडं लागायची.

शेवटी मेंढरं विकायला पाचोडच्या आठवडी बाजाराला मी दादांबरोबर गेले. व्यापाऱ्याने टेम्पोला फळी लावली होती. मेंढरं फळीशी थबकली. व्यापाऱ्याचा माणूस एकीला कानाला धरून ओढू लागला.

"वढू नका त्यांना," दादा म्हणाले. "थांबा."

त्यांनी पिशवीतून घंटी काढली, कमरेला बांधली आणि फळीवरून स्वतः टेम्पोत चढले. मेंढरं मान खाली घालून त्यांच्या मागे चढली, एकही मागे राहिलं नाही. टेम्पो भरेपर्यंत दादा आत त्यांच्यामध्येच उभे होते. मग बाजूच्या फळकुटावर पाय ठेवून ते खाली उतरले. उतरताना घंटी त्यांनी मुठीत गच्च धरली होती. ती वाजली असती तर मेंढरांनी त्यांच्या मागे उड्या टाकल्या असत्या.