दोन ठोके, मग एक

आधीच माफी मागतो. इथे लिहिणारी मंडळी जाणती आहेत, आणि मला परीक्षेच्या पेपराबाहेर लिहायची सवय नाही. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, त्यामुळे असल्या गोष्टींना हसणाऱ्यांतला मी. अजूनही स्वतःला तसाच समजतो... पण हे घडलंय.

मी लिंबागणेशचा. वर्षभरापूर्वी रेल्वेत ट्रॅकमन म्हणून लागलो, परळीच्या बाजूला. नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून स्टेशनचं नाव लिहीत नाही. घरच्यांना वाटतं मी पंख्याखाली बसतो. खरं तर पहिले तीन महिने खडीवर चालायला शिकण्यातच गेले. रुळाखालच्या प्रत्येक आडव्या स्लीपरवर पाय टाकला तर पाऊल आखूड पडतं, एक सोडून टाकला तर ढांग.

"बीएस्सीवाले, रूळ डोक्यात न्हाई, पायात बसतो," आमचे मुकादम गफूरमामा म्हणायचे. त्यांनीच जुन्या लोकांची एक रीत शिकवली. रुळावर हातोड्याचे दोन ठोके, जरा थांबून एक — म्हणजे पुढे रुळावर माणूस आहे, गाडी थांबवा. मोबाईल आल्यापासून ती बंद पडली. रूळ सांभाळणाऱ्या आमच्या गँगमध्ये मामा आणि आता मी सोडून कुणाला ठाऊकही नव्हती.

मार्चअखेरची गोष्ट, सकाळचे साडेदहा. रोज एकट्यानं रूळ तपासत फिरणारा चावीवाला रजेवर होता, म्हणून त्याच्या जागी मी. ओढ्याचा पूल ओलांडला. डावीकडे ऊस, पुढे वळण. तिथे रुळातून ठोके आले. दोन... मग एक. मी थांबलो. पुन्हा तसेच. उन्हानं रूळ तडतडतो हे मला कळतं, पण तो असा मोजून तडतडत नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा मागून मालगाडीचा हॉर्न ऐकू आला. लाल झेंडी उघडून मी गाडीकडे पळत सुटलो.

गाडी थांबली. असिस्टंट ड्रायव्हर माझ्याबरोबर वळणापलीकडे चालत आला. माणूस नाही, रूळ साफ.

"ऊन लागलं का बे तुला?" एवढंच म्हणाला. गाडी हळूहळू निघून गेली.

दोन दिवसांनी साहेबांची नोटीस — विनाकारण गाडी का थांबवली, खुलासा द्या. पहिल्याच वर्षी असा शेरा बसला तर नोकरी पक्की होत नाही.

"लिही, म्हैस आडवी आली," मामा म्हणाले. "म्हशीला कोन नोटीस देतंय?"

"पण मामा, म्हैस नव्हती."

"मग ठोके तरी कुठं हायेत? दाखव की."

दोन कागद फाडले. तिसऱ्यावर ऐकलं तसं लिहिलं, किलोमीटर आणि खांबाच्या नंबरासकट. मामांनी वाचलं. मग खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ही रीत मी शिकविली', आणि सही केली. त्यांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय.

शेजारच्या गँगांना विचारलं. त्या सकाळी तिकडे कुणीच नव्हतं. मामांनाही खोदून विचारलं, तिथे पूर्वी काही झालं होतं का?

"न्हाई रे. तिथं कोनी मेलं न्हाई, काई न्हाई. उगं कावून कुनाला मारायलास?"

म्हणजे सांगायला गोष्टही नाही. ठोके कुणी दिले, मला आजही माहीत नाही. मामांनाही नाही.

गेल्या आठवड्यात सुट्टीला गावी आलो होतो, तेव्हा मामांचा फोन आला. साहेबांनी माझा कागद वाचून, रूळ आतून तपासणारं मशीन नेमकं त्या खांबापाशी लावलं होतं.

"आतून आडवी चीर निघाली बाबा. वरून काचेगत साफ. त्याच दिवशी रूळ बदलला. तुझी नोटीस मागं घेतलीय, नोकरी पक्की झाली. सोमवारी ये लवकर, नवा रूळ दावतो."