घरगुती प्रत

माझ्या आईनं माझ्या बापाचा हात मोडला होता. भर हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर, लोखंडानं.

काल तिची तेरवी झाली. मंडपात मोठा फ्लेक्स होता: "सोशीक, शांत, कधीही उलटून न बोललेली माउली."

माझ्या धाकट्या भावानं, प्रदीपनं, लिहिलं होतं ते. मी ते पंगतीत बसून वाचलं.

मी त्याला म्हटलं, मी खरं काय ते फेसबुकवर लिहिणार आहे.

"ताई, मेलेल्या मानसाचं काहून उकरतं वं?" तो म्हणाला. "लिहायचं तर लिही. मंग राखीले माह्या घरी येऊ नको."

तर लिहितेय.

आमचा बाप सक्करदऱ्यात राहून सिनेमे विकायचा. घरोघरी व्हिडिओ यायच्या आधीची गोष्ट. जुन्या गाजलेल्या सिनेमांची आठ एमएमची छोटी रिळं मुंबईहून यायची, करंगळीपेक्षा बारीक फिल्म. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर असायचा ते डॉक्टर, वकील, लकडगंजचे लाकूडवाले सेठ ती विकत घ्यायचे आणि घरी भिंतीवर चादर लावून बघायचे.

बापाची खासियत म्हणजे "घरगुती प्रत". सिनेमातली सगळी मारपीट कापून टाकलेली.

"घरी बायका-पोरं पाहतेत," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "आपल्या मालात एक थप्पड भेटनार नाही."

कापायची आई. ब्लेडनं काप द्यायची, कडा खरवडायची, गोंद लावून दाबून धरायची. डब्यावर सुंदर अक्षरात "घरगुती" लिहायची तीच. कापलेले तुकडे ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची.

आणि सिनेमातून काढलेली मारपीट आमच्या घरात व्हायची.

पट्ट्यानं. लाथेनं. हाताला लागेल त्यानं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं तिचं डोकं शिलाई मशीनवर आपटलेलं मी पाहिलंय. मशीनच्या चाकात तिचे केस अडकले होते. ते मी सोडवले.

एकदा एका गिऱ्हाइकाकडे आईनं केलेला जोड सुटला. सिनेमा मध्येच बंद पडला, बापाची शोभा झाली. घरी आल्यावर त्यानं प्रोजेक्टर चालू केला, दिवा चांगला तापू दिला आणि आईचा डावा पंजा दिव्यावरच्या तापलेल्या पत्र्यावर दाबून धरला.

कातडी पत्र्याला चिकटली.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. मी अकरा वर्षांची. हवालदारानं फडकं सोडून हात पाहिला, परत गुंडाळला.

"घरगुती मामला हाये बाई. घरीच मिटवा."

"काय म्हनले तुमी?"

"घरगुती."

आई हसली. मला बापाची नेहमीच भीती वाटायची, त्या दिवशी पहिल्यांदा आईची वाटली.

ठाण्यात गेली म्हणून संध्याकाळी पट्टा बसला, तो वेगळा.

हात बरा झाल्यावर लकडगंजच्या एका सेठकडे नातवाचा वाढदिवस होता. दुपारी, हॉलचे पडदे ओढून, तीसेक माणसं. आम्ही सगळे गेलो होतो. बापानं डबा हातात घेतला, त्यावर "घरगुती" वाचलं आणि रीळ चढवलं.

पडद्यावर एका बाईच्या कानाखाली बसली.

मग दुसरी बाई जिन्यावरून ढकलली गेली.

मग तिसरी. तिचे केस कुणाच्या तरी मुठीत.

मग चौथी, पाचवी. बाई बदलायची, मारणारा बदलायचा, मार तोच. गाणं नाही, गोष्ट नाही, शेवट नाही. आईनं बिस्किटाचा डबा रिकामा केला होता. हिरोची फायटिंग एकही घेतली नव्हती, फक्त बायकांना मारलेलं घेतलं होतं.

आधी पोरं हसली. नंतर कुणीच हसेना. सेठाणीनं पदर तोंडाला लावला.

इतके जोड होते त्या रिळात. एकही सुटला नाही.

"काय लावलं हे?" बाप ओरडला.

"घरगुती," आई म्हणाली.

त्यानं सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली दोन वाजवल्या. ती केकच्या टेबलावर पडली, ओठ फुटला, क्रीम लाल झालं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा तिनं रीळ गुंडाळायचं लोखंडी यंत्र उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

तो खाली बसला, मनगट उलटं लोंबत होतं. आईनं त्याच हातावर आणखी एक घातला. दुसऱ्या घावाची गरज नव्हती. तो तिनं स्वतःसाठी घातला, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

सेठ ओरडले, "अरे, कोनी पोलिसाले बोलवा!"

आईनं ओठ पुसला. "पोलीस काहून बोलावता? घरगुती मामला हाये."

त्यानंतर बाप बरीच वर्षं जगला. पुन्हा हात उचलला नाही. त्या हातात कंगवासुद्धा धरता यायचा नाही त्याला. त्याच्या शर्टाची बटणं शेवटपर्यंत आईच लावून द्यायची. का, ते मला कधीच कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तू आपलं काम कर."

प्रदीप, तू तेव्हा तीन वर्षांचा होतास. माझ्या मांडीवर बसून लाडू खात होतास. बापाचा मार तू कधी खाल्ला नाहीस, तो त्या दुपारमुळे. तुला आठवत नाही यात तुझा काय दोष? तुझ्या वाट्याला आईची घरगुती प्रतच आली.

पण कापलेले तुकडे माझ्याकडे आहेत, आणि ते डब्यात ठेवून मी मरणार नाही.

राखी पोस्टानं पाठवीन. बांधायची की नाही ते तू ठरव.

आई, तुला भावपूर्ण श्रद्धांजली.
एकही तुकडा न कापता.