बाबांसाठी सबवूफर

बाबांचे कान पार गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता ढोलकी मुकी झाली." आयुष्यभर गावच्या दंडारीत, म्हणजे नाच-सोंगांच्या खेळात, ढोलकी वाजवलेला माणूस, पण दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेलाही घराबाहेर पडेना. कानाचं मशीन लावून पाहिलं, त्यात त्यांना नुसती खरखर यायची. मला ते बघवत नव्हतं.

एकदा त्यांना गाडीतून मूल गावी नेत होतो. राईस मिलसमोर आलो तसे छातीवर हात ठेवून म्हणाले, "मिल चालू हाय." अरे! ऐकू येत नाही, मग कळलं कसं? तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला. जाडा आवाज अंगाला लागतो तर ढोलकी का लागू नये?

चंद्रपूरहून जुना चार चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर आणि जाडा आवाज काढणारा एक सबवूफर आणला. सबवूफरचा खोका मागच्या सीटला टेकवून बसवला. आता अ‍ॅम्प्लिफायरला वायरी लावायच्या चार जोड्या, आणि सबवूफर एकटा. आम्ही पडलो धानवाले. दोन बांध्यांचं, म्हणजे वाफ्यांचं, पाणी एकीत सोडलं की ती लवकर भरते, एवढंच आमचं शास्त्र. मी दोन चॅनलचे प्लस एकत्र पिळले, मायनस एकत्र पिळले, आणि लावले सबवूफरला. गाणं सुरू केलं. एकदा भक्क झालं, लाल दिवा लागला आणि सगळं चिडीचूप.

बायको अंगणात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "बाबाचे कान आणाले निघाले, अन् गाडीच मुकी करून टाकली!"

"तू चूप बस वं!" मी खेकसलो. राग तिच्यावर नव्हताच. जळलं असेल तर पुन्हा कुठून आणू, याचीच धास्ती होती.

सगळ्या वायरी सोडवल्या. मग अ‍ॅम्प्लिफायरवरचं बारीक चित्र दिसलं. एका चॅनलच्या प्लसवरून आणि शेजारच्याच्या मायनसवरून सबवूफरकडे रेघा गेल्या होत्या. मधले दोन स्क्रू रिकामेच. हे काऊन असं? बराच वेळ बघत बसलो, तेव्हा जातं आठवलं. समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, म्हणून ते फिरतं. दोघी आपापल्याकडे ओढू लागल्या की अडलंच. मी नेमकं तेच करून बसलो होतो.

सबवूफरवर चार ओहम लिहिलं होतं, चित्राखालीही चारच. जुळलं म्हणायचं. उरलेली दोन चॅनल रिकामी ठेवताना जिवावर आलं, पण ठेवली.

या वेळी लाल दिवा लागला नाही. बाबांना हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. फोनवर गेल्या मंडईतल्या दंडारीचं रेकॉर्डिंग होतं. त्यात बाबांच्या जागी ढोलकीवर मी बसलो होतो, पण ते त्यांना सांगितलं नाही. सबवूफर गाणं थोडंच गातो, त्यातून फक्त ढोलकीवरच्या डाव्या हाताची जाडी घुमारी येत होती. बाबांनी खोक्यावर तळहात ठेवला. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गेली मेहनत पाण्यात!

"हे तू वाजवलं नं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"डावा हात अजूनबी घाईच करते तुया." त्यांनी माझं मनगट धरलं आणि खोक्यावर आपटलं. "पुन्ना लाव. चूक कुठी हाय, दाखवतो."