मामांच्या राखणीतलं चॅपल

तुमच्या गावातली शेवटची दगडी भिंत कुणी पाडली, कधी विचारलंत का? विचारू नका. तिच्या जागी बसवलेल्या संगमरवरी फलकावर नावं आहेतच.

असल्या सत्कार्यांच्या वाटेत आडवा पडणारा पाटण तालुक्यातला शेवटचा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे मामा. फौजेतून सुभेदार होऊन परत आले, नदीकाठी ऊस लावला आणि सुखानं म्हातारे होणार होते. पण गावाच्या वर डोंगरात एक कॅथलिक चॅपल आहे. ते सांभाळणारं एकुलतं ख्रिस्ती कुटुंब मुलांच्या नोकऱ्यांमागं पुण्याला गेलं आणि जाताना मामांच्या हाती किल्ली देऊन म्हणालं, "जरा लक्ष असू द्या." असं आपण शेजाऱ्याला कुंड्यांबद्दलही सांगतो. फौजेतल्या माणसाला मात्र सांगू नये. मामांनी तो हुकूम समजला आणि बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही, असं ठरवलं. बदली अजून आलेली नाही.

मामांच्या घरी खंडोबा. तरी रोज संध्याकाळी ते चॅपलात दिवा लावतात. चपला बाहेर काढायच्या. वर्षातून एकदा मिस्साची प्रार्थना करायला येणाऱ्या फादरनाही सूट नाही. गावच्या बायका मारियामातेची ओटी भरतात. मामांची अट एकच, "हळदीचा हात भिंतीला लावायचा न्हाई. चुना हाय त्यो." हा चुना ते दर वर्षी स्वतः भिजवतात आणि पक्का धरावा म्हणून त्यात घरातला गूळ घालतात. त्यावर आत्या शांतपणे विचारते, "आवं, भिंत चाटून बघता काय?"

इतिहासाच्या बाबतीत मामा फार उदार. चॅपल कुणी बांधलं, हे ते समोरचा माणूस बघून ठरवतात. कऱ्हाडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना सांगताना बांधणारा इंजिनिअर असतो, मास्तरांना सांगताना मास्तर. मी जुन्या वास्तू वाचवायची पत्रकं काढणारा माणूस. मला नक्की साल हवं होतं. मामा म्हणाले, "जुनं हाय. तुला किती जुनं पायजे?"

गेल्या हिवाळ्यात गावाला या चॅपलचा पुळका आला. गावाचं प्रेम ठरलेल्या क्रमानं येतं. आधी दगड काढायचे, मग स्लॅब, मग आरशासारखी फरशी, स्टीलचं रेलिंग, आणि शेवटी तो फलक. याला जीर्णोद्धार म्हणतात. फादर म्हणाले, आजवर गावानंच जपलंय, गावानंच ठरवावं. झालं, पारावर बैठक बसली. सरपंच अगदी कळवळून म्हणाले, "मामा, मारुतीला फरशी बसवली. तुमच्या मातेनं काय घोडं मारलंय?"

"मारुतीला इचारलं हुतं का?"

"देव बोलतो व्हय कुटं?"

"मग फरशीवरनं घसरून पडल्याली माणसं बोलत्यात, त्यांना इचार."

बैठक हसली. त्या हसण्यातच सरपंचांनी तोडगा काढला. येत्या पावसाळ्यात चॅपल गळलं नाही, तर कुणी हात लावायचा नाही; गळलं, तर दिवाळीनंतर स्लॅब. "कबूल," असं मामा सर्वांदेखत म्हणून बसले.

कौलारू छप्पर दर वर्षी पावसाआधी परतावं लागतं. फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची. आजवर हे मामाच करत आले. यंदा त्यांनी शिडी लावली, दोन-तीन पायऱ्या चढले आणि थांबले. गुडघ्यांनी नकार दिला होता. डोंगर बघायलाच चढल्यासारखं करून ते थोडा वेळ तिथं उभे राहिले, मग उतरले आणि म्हणाले, "वर समदं ठीक हाय." तेवढ्या उंचीवरून छप्पर दिसतसुद्धा नाही.

मग मी चढलो. 'वारसा वाचवा' असं पत्रकात खणखणीत लिहिणाऱ्या या हातांनी एक गळकं कौल बदलताना शेजारची चांगली कौलं फोडली. मामा खालून एवढंच म्हणाले, "उतर गड्या. सरपंचाचं काम तू करू नगंस."

तेव्हा पत्रक बाजूला ठेवून साधं मागणं मागतो. कौलं परतणारा कुणी कवठे महांकाळकडं असो की कऱ्हाडला, तुमच्या ओळखीचा असेल तर मृगाआधी त्याला पाटणला घेऊन या. पडक्या गोठ्यावर जुनी मंगलोरी कौलं असतील, तर तीही आणा. मामा खाली खुर्ची टाकून बसलेले असतील आणि तुमची प्रत्येक चूक मोठ्यानं सांगतील. ऐकून घ्या. आणि जमलं तर काम जरा सावकाश करा. तेवढाच वेळ त्यांना वर बघत बसता येईल.